बेअरिंग दोनदा बदललं, घूं घूं तशीच

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गाडीत घूं घूं सुरू झाली. चाळीसच्या खाली काही नाही. पन्नासला शेजारच्या खोलीत कुणी जातं फिरवतंय असं वाटायचं आणि सत्तरला बाजूच्याशी बोलताना आवाज चढवावा लागायचा. मी इंदूरच्या राजेंद्रनगरहून राऊमार्गे पीथमपूरला रोज ये-जा करते, त्यामुळे हे जातं दिवसातून दोनदा ऐकणं आलं. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि उतरता उतरताच निकाल दिला, "दीदी, बेरिंग गई।" पुढचं डावं बेअरिंग बदललं. आवाज गेला. तोही खूश, मीही खूश.

चार महिन्यांनी सर्व्हिसिंग झालं आणि दुसऱ्याच दिवशी, राऊ यायच्या आत, तीच घूं घूं. "अब राइट वाली गई होगी।" उजवं बदललं. गेला आवाज. पुढच्या सर्व्हिसिंगनंतर परत हजर. तिसऱ्या खेपेला त्याने गिअरबॉक्सचं नाव काढलं. गिअरबॉक्स म्हटलं की खर्चाचा आकडा डोळ्यांपुढे येतो आणि माणूस नाइलाजाने स्वतः विचार करायला लागतो. मीही तेव्हाच केला. आधी केला असता तर दोन बेअरिंगांचे पैसे वाचले असते.

सर्व्हिस बुक काढून तारखा बघितल्या. आवाज सुरू झाला तो दोन्ही वेळा सर्व्हिसिंगच्या दुसऱ्या दिवशी. सर्व्हिसिंगमध्ये दर वेळी काय होतं? ऑइल, फिल्टर, आणि टायर पुढचे मागे, मागचे पुढे. आता बेअरिंग बदलताना काय झालं होतं ते विचारलं. तो म्हणाला, पुढचे टायर जरा घासलेले दिसले म्हणून चाकं काढलीच होती तर मागे टाकून दिली. म्हणजे आवाज गेला तो बेअरिंगमुळे नाही, टायरची जागा बदलल्यामुळे. खराब जोडी मागे असली की डिकीतली गादी, मागची सीट यांच्या आड दबून जायची, पुढे आली की थेट पायाखाली वाजायची.

गाडी उभी करून, आधी मागे असलेल्या आणि आता पुढे आलेल्या डाव्या टायरवरून तळहात फिरवला. पुढून मागे नेला तर गुळगुळीत. मागून पुढे आणला तर नक्षीतल्या प्रत्येक रबरी ठोकळ्याची कड हाताला अडकत होती, मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवावा तसं. डोळ्यांनी बघाल तर टायर ठणठणीत, नक्षी भरपूर शिल्लक. पण एकेक ठोकळा करवतीच्या दातासारखा तिरपा झिजलेला. इंजिन पुढे आणि ओढही पुढच्या चाकांना असलेल्या गाड्यांत मागच्या चाकांवर भार कमी असतो. त्यात शॉकअप मेलेला असेल, हवा कमी असेल आणि टायर वेळेवर फिरवले नसतील तर ही झीज ठरलेली. माझ्या मागच्या डाव्या शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओघळ आणि त्यावर धूळ चिकटलेली होती. म्हणजे तो कधीचाच गेला होता.

हिशेब करून बघितला. 185/65 आर 15 मापाच्या टायरचा घेर साधारण 195 सेंटिमीटर. ताशी 60 किलोमीटरला चाक सेकंदाला साडेआठ फेऱ्या मारतं. घेरात 60-70 ठोकळे धरले तर रस्त्यावर सेकंदाला पाचशे-सहाशे थापा. ठोकळे सरळ असतील तर या थापा रस्त्याच्या सरसर आवाजात विरघळतात. तिरपे झाले की सूर धरतात.

दोन्ही मागचे शॉकअप, दोन टायर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग. तेव्हापासून सर्व्हिसिंग झालं, टायर फिरले, आवाज नाही.

या सगळ्यातून माझी एक सवय कायमची बदलली. आवाज किती मोठा आहे हे मी आता शेवटी विचारते. आधी विचारते, तो कुणाच्या मागे चालतो? गाडीच्या वेगामागे, इंजिनाच्या आरपीएममागे (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांमागे), खड्ड्यांमागे, वाऱ्यामागे की विजेमागे? कारण आवाज निर्माण होतो एकीकडे, पत्र्यातून किंवा भिंतीतून प्रवास करतो आणि ऐकू येतो तिसरीकडेच. कानाने जागा शोधायला गेलात की फसता. पण तो कशाबरोबर चढतो-उतरतो हे लपवू शकत नाही.

गाडीत हे कसं शोधायचं

मोकळा, सरळ रस्ता आणि शक्यतो सकाळची वेळ. सत्तरच्या आसपास आवाज लागला की गाडी न्यूट्रल करा. इंजिन बंद करायचं नाही, ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. आरपीएम खाली गेला, तरी घूं घूं तशीच राहिली आणि गाडीच्या वेगाबरोबरच हळूहळू उतरली तर इंजिन, क्लच, सायलेन्सर सगळे सुटले. उरले टायर, बेअरिंग, ब्रेक. उलट आरपीएम पडताक्षणी आवाजही पडला तर चाकांकडे बघायचंच नाही.

आता टायर की बेअरिंग? इथे इंदूरचा एक फायदा आहे. कॉलनीतले बरेच रस्ते सिमेंटचे आहेत आणि थोडं पुढे गेलं की डांबरी लागतो. सिमेंटच्या रस्त्यावर घसरू नये म्हणून आडव्या रेघा ओढलेल्या असतात, त्यामुळे टायर तिथे मुळातच जास्त गातो. रस्ता बदलला की आवाजाची जात बदलली, डांबरावर निम्म्यावर आला, तर टायर. बेअरिंगला खाली सिमेंट आहे की डांबर याच्याशी काही देणंघेणं नसतं, ते दोन्हीकडे सारखंच गुरगुरतं.

दुसरी खूण वळणाची. रिकाम्या रस्त्यावर साठच्या वेगाने गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बेअरिंगवर, उजवीकडे वळताना वाढला तर डाव्यावर. टायरच्या आवाजात इतका स्पष्ट फरक पडत नाही. माझ्या गाडीत अजिबात पडत नव्हता, पण ते तेव्हा कुणी तपासलं नाही, मीही नाही.

तरीही शंका राहिली तर गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, आणि एका हाताने चाक फिरवत दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. चांगलं बेअरिंग हाताला लागतच नाही. गेलेलं असेल तर स्प्रिंगमधून बारीक खरखर येते, मुठीत वाळू घेतल्यासारखी. कानाला ऐकू येत नाही तेव्हाही हाताला कळते. गॅरेजमध्ये हे करायला दोन मिनिटं लागतात, करायला सांगा. "चक्कर मारून सांगतो" वर बेअरिंगची ऑर्डर देऊ नका.

करवत झालेला टायर लगेच फेकायची गरज नसते. बाजूच्या भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तर डावा-उजवा अदलाबदल करून उलट्या दिशेने फिरवला की दात हळूहळू बसतात. बाण असेल तर हे करायचं नाही. पण शॉकअप न बदलता नुसते टायर टाकले तर वर्षभरात नवे टायरही तेच गाणं म्हणतील. बहुतेकांचा आवाज "परत येतो" तो इथे.

आरपीएममागे चालणाऱ्या आवाजांचं थोडक्यात सांगते. सिग्नलला उभं असताना, विशेषतः एसी लावल्यावर, सीट आणि स्टिअरिंग थरथरत असेल तर इंजिनाचं फाउंडेशन बघा, म्हणजे ज्या रबरांवर इंजिन बसतं ती. हल्ली लहान गाड्यांत तीन सिलिंडरची इंजिनं बरीच आहेत. 800 आरपीएमला तीन सिलिंडर सेकंदाला 20 ठोके देतात, चार सिलिंडर 26-27 देतात. वीसचा ठोका कानापेक्षा पाठीला जास्त कळतो. तेवढी थरथर त्या इंजिनाची जातच आहे, वाढली असेल तरच रबर गेलं समजा. ठरावीक आरपीएमलाच पत्रा वाजल्यासारखा झर्र आवाज आला आणि दोनशेने वर-खाली गेलं की थांबला, तर सायलेन्सरवरचं उष्णतेपासून बचावाचं पत्र्याचं आवरण सुटलेलं असतं. मोठी स्टीलची क्लिप आवळली की काम झालं. इंदूरच्या सियागंज बाजारात अशा क्लिपा ढिगाने मिळतात. यासाठी सायलेन्सर बदलणारेही भेटलेत मला.

वाऱ्याचा आवाज वेगळाच प्राणी आहे. तो वेगाबरोबर फार झपाट्याने चढतो. ऐंशीवरून शंभरवर गेलात की साधारण 6 डेसिबलची भर पडते, टायरच्या आवाजात तेवढ्यात तीन-चारच पडते. म्हणून ऐंशीपर्यंत गाडी शांत आणि शंभरला शिट्टी, असं असेल तर दरवाजाच्या रबरी बीडिंगवर संशय घ्या. दरवाजात दहाची नोट धरून तो बंद करा आणि नोट ओढा. कडेने सगळीकडे असं करत जा. जिथे नोट सहज निघते तिथून वारा आत येतो. नक्की करायचं तर फटीवर रंगाऱ्याकडचा कागदी टेप लावून एक चक्कर मारा. फट लहान म्हणून दुर्लक्ष करू नका. दरवाजाच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या भागाएवढं भोक उरलं तर बाकी दरवाजा कितीही जाड असो, 20 डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. पायाखाली महागड्या गाद्या घालून बीडिंग तशीच ठेवणाऱ्यांची मला नेहमी दया येते.

डॅशबोर्डची कुरकुर शोधायला एकजण चालवायला आणि एकजण हाताने दाबत बसायला हवा. माझ्याकडे तीन आठवडे वाजणारी एक कुरकुर शेवटी गणपतीबाप्पांची निघाली. खालचा दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप उन्हाने सुकला होता.

पीथमपूरला नॅट्रॅक्स हे गाड्यांच्या चाचणीचं केंद्र आहे, 2021 मध्ये तिथली 11.3 किलोमीटरची अंडाकृती धावपट्टी सुरू झाली. गाड्यांचं मोजमाप हा आमच्या भागातला रोजचा विषय, त्यामुळे एक गैरसमज वारंवार ऐकते की "कंपनीने 74 डेसिबलची गाडी दिली म्हणजे आत इतका आवाज कसा?" ते 74 रस्त्याकडेला मोजलेले असतात. गाडी 50 च्या वेगाने येते, पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून निघून जाते आणि मायक्रोफोन साडेसात मीटरवर असतो. तुमच्या कानाचा आणि त्या आकड्याचा संबंध नाही.

मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं अॅप याहून जास्त फसवतं. ते सहसा "ए" मोजणीत आकडा देतं, म्हणजे माणसाचा कान जसा खर्जाला मंद आहे तसा खर्ज वजा करून. 100 हर्ट्झच्या (सेकंदाला 100 कंपनांच्या) गुणगुणीतून ते 19 डेसिबल कापतं, 50 हर्ट्झच्या थरथरीतून 30. त्यामुळे स्क्रीनवर 38 दिसतं आणि तुमचं डोकं मात्र ठणकतं. त्याऐवजी कुठल्या हर्ट्झला टोक येतंय हे दाखवणारं अॅप घ्या. घरातल्या आवाजांसाठी तर ते फारच उपयोगी आहे.

घरातली गुणगुण

आईला पहाटे एक बारीक हूं ऐकू यायची. तिच्याच खोलीत. वडील म्हणायचे, "तुझे कान वाजतात." डॉक्टरकडे जायचं ठरलं होतं. मी अॅप भिंतीला लावलं तर 100 हर्ट्झला सरळ सुळका. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. मोटर किंवा ट्रान्सफॉर्मरचं लोखंड त्याच्या दुप्पट, म्हणजे 100 ला गुणगुणतं. शेजारी 48 ला आणखी एक लहान टोक होतं, आणि ते मिनिटाला 2880 फेऱ्या मारणाऱ्या मोटरचं. म्हणजे कान वाजत नव्हते, पंप वाजत होता.

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, हौदात साठतं आणि खालचे काका पहाटे उठून मोटर लावून ते वर चढवतात. पंप तळमजल्यावर, आईची खोली दुसऱ्यावर. जिन्यात उभं राहिलं तर आवाज जेमतेम. पण लोखंडी पाइप भिंतीला लोखंडी क्लॅम्पने आवळलेला आणि ती भिंत नेमकी आईच्या पलंगामागची. पंपाची थरथर पाइपातून भिंतीत, भिंत स्पीकरच्या पडद्यासारखी हलणार. पंपावर खोकं घालून काही उपयोग झाला नसता.

काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, हे मागेही झालं होतं, तेव्हा पाइपाला रबरी नळीचा तुकडा घातला होता." मग तो गेला कुठे? दोन वर्षांपूर्वी वॉल्व्ह गळत होता तेव्हा प्लंबरने तुकडा काढून सरळ पाइप जोडून दिला. त्याच्या दृष्टीने काम पक्कं झालं. पुन्हा तुकडा घातला, पंपाखाली रबराची जाड चादर आणि क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. हौदाच्या झाकणावर मी ऑइलपेंटने लिहून ठेवलंय, "रबर का पाइप मत निकालना." आजवर टिकलंय.

कुठलं यंत्र वाजतंय हे कळत नसेल तर सगळ्यात सोपं म्हणजे रात्री मीटरच्या पेटीतला एकेक एमसीबी, म्हणजे घरातल्या एकेका भागाची वीज तोडणारा स्विच, पाडत जा. फ्रिज बहुतेक वेळा निर्दोष असतो, तो भिंतीला टेकलेला असतो एवढंच. किंवा मागे खालच्या पाण्याच्या ट्रेला कॉम्प्रेसरची थरथर लागते. चार बोटं पुढे ओढून बघा. नव्या फ्रिजसाठी कारखान्यातून निघतानाची मर्यादा 46 डेसिबल आहे, कूलरला 60 आणि खिडकीतल्या एक-दीड टनी एसीला 68. आणि वस्तीतली रात्री दहा ते सकाळी सहाची मर्यादा 45. आपल्या इमारतींत एकेकाच्या गॅलरीत दोन-दोन कूलर असताना हे 45 कुणी पाळायचं, हा प्रश्न मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारला होता. चहा आला आणि विषय संपला.

वॉशिंग मशीन दर पावसाळ्यानंतर उड्या मारायला लागतं, अशी तक्रार आमच्या गल्लीतल्या तळमजल्यावरच्या चार घरांत आहे. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यावरची फरशी थोडी वर-खाली होणारच. मशीन 1200 फेऱ्यांवर गेलं की ड्रम सेकंदाला 20 वेळा फिरतो, तेव्हा एक पाय जेमतेम अधांतरी असला तरी पुरतं. गवंड्याची लेव्हल-पट्टी आडवी आणि उभी ठेवून पाय फिरवा आणि मग पायाचा वरचा नट आवळा. नट आवळायचं राहिलं की महिन्यात पाय परत फिरतो आणि तुम्ही सर्व्हिसवाल्याला दोष देता. मशीन अगदी नवं असेल आणि पहिल्याच दिवशी नाचत असेल तर मागे वाहतुकीसाठी लावलेले बोल्ट काढले का बघा. एकटी चादर किंवा एकटा टॉवेलही टाकू नका, ओला गोळा एका बाजूला चिकटतो.

पंखा टिक् टिक् करत असेल तर सगळ्यात कमी वेगावर ठेवून फेऱ्या आणि टिका मोजा. फेरीला एक टिक असेल तर पात्याचा स्क्रू किंवा वरची वाटी कुठेतरी घासते. टिका आणि फेऱ्या जुळत नसतील, खरखर असेल, तर बेअरिंग. आणि वीज गेल्यावरच पंखे गुणगुणत असतील तर पंख्यात काहीच बिघाड नाही, इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा आहे. मोटरला गोल लाट हवी असते, चौकोनी दिली की ती कुरकुरते. साइनवेव्ह, म्हणजे गोल लाटेचा, इन्व्हर्टर घेतला की सगळे पंखे एकदम गप्प होतात. मिक्सरबद्दल एवढंच की भांडं थडथडायला लागलं तर मोटर उघडण्याआधी भांड्याखालचा आणि बेसवरचा कपलर, म्हणजे दोघांना जोडणारी दातेरी चकती, बघा. रबरी दात गोल झालेले असतात.

गेल्या रविवारी खालचे काका किल्ली घेऊन वर आले. "चल जरा, माझ्या गाडीतही घूं घूं येते. गॅरेजवाला म्हणतो बेअरिंग. मी म्हटलं, थांब, आमची मुलगी टायरवर हात फिरवून सांगते." चारही टायरवर हात फिरवला. दोन्ही दिशांनी गुळगुळीत. डांबर-सिमेंट दोन्हीकडे आवाज तोच. डावीकडे वळताना वाढत होता. जॅकवर घेऊन पुढच्या उजव्या स्प्रिंगवर हात ठेवला तर मुठीत वाळू.

बेअरिंगच गेलं होतं.